पेटीतले बारा मास्क

३ फेब्रुवारी, सोमवार

फोटोतली एकूण एक गोष्ट खरी असेल, तर फोटो खोटा कसा असू शकतो? दुपारपासून हा प्रश्न डोक्यात आहे आणि उत्तर मला येत नाही. पदवी घेतली तरी येत नाही.

आजचा फोटो: पॉलिश खातं. बारा माणसं पॉलिशच्या चाकांपुढे ओळीने उभी. बाराही डोक्यांवर पिवळं हेल्मेट, डोळ्यांवर चष्मा, तोंडावर मास्क, हातात मोजे. डावीकडून तिसरे बाबा. माणसं खरी. चाकं खरी. मास्क तर अगदीच खरे — कोरे करकरीत! फक्त, हे दृश्य फोटोच्या दहा मिनिटं आधी नव्हतं आणि नंतर पाच मिनिटांत उरलं नाही. एवढ्याने ते खोटं ठरतं का?

फोटो झाल्या झाल्या बाबा पेटी घेऊन ओळीतून फिरले. प्रत्येकाने आपापला मास्क काढून आत टाकला, शाळेत वह्या गोळा करतात तसं. शेवटी बाबांनी स्वतःचा टाकला, कुलूप लावलं, आणि चाकावर जाऊन बसले. उघड्या तोंडाने.

मी ट्रायपॉडचे पाय मिटत होते. आमची नजरानजर झाली नाही. दोघांनीही होऊ दिली नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

खांदा ठणकतोय. मोठा कॅमेरा, त्याची दोन भिंगं, फ्लॅश, फ्लॅशची छत्री, तिची काठी, ट्रायपॉड. सगळं अंगाखांद्यावर घेऊन निघाले की मावशी ओरडतात, "आली बघा वरात!" पुढे पेटी घेऊन बाबा, मागे मी. मावशी म्हणजे बाबांच्या शेजारच्या बाकावर नळ पुसून खोक्यात भरणाऱ्या. त्यांच्या तोंडाला कुलूप नाही.

हे सगळं आज नीट लिहून ठेवते. महिन्याभराने मला यात काहीच वावगं वाटणार नाही, अशी भीती वाटते.

तर — आमच्या कारखान्यात नळ आणि दाराच्या मुठी बनतात. विकत घेणारे दूरचे. कामगार किती सांभाळून काम करतात हे दाखवणारा अल्बम त्यांना दर सहा महिन्यांनी पाठवायचा असतो. ते फोटो काढायचे, खाली दोन-दोन ओळी लिहायच्या, शेवटी सही करायची, ही माझी नोकरी. हुद्दा: छायाचित्रण सहायक. आईने हा शब्द पाठ केलाय. शेजारणींना सांगताना मध्ये एकदा थांबून श्वास घेते, पण चुकत नाही.

हेल्मेट, चष्मे, मास्क, मोजे सगळं बारा-बारा आहे. खात्यात माणसं एकेचाळीस. पेटी माळ्यावरच्या कोठीत असते, किल्ली बाबांकडे. फोटोची वेळ झाली की साहेब चाकं थांबवायला लावतात. "हवा बसू दे." दहा मिनिटांत धूळ खाली बसते. मग बाबा पेटी उतरवतात, बारा जणांना नटवतात. चाकं पुन्हा सुरू होतात, पण नुसती फिरवायची, त्यांवर पितळ टेकवायचं नाही. मी बटण दाबते.

हे काम बाबांना का? कारण ते तीस वर्षं तिथे आहेत आणि त्यांच्या हातून आजवर एक मोजासुद्धा हरवलेला नाही. आणि नोकरी मला का? कारण मी मामांची मुलगी. कारखान्यात बाबांना सगळे मामा म्हणतात. साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले होते, घरचीच माणसं बरी, घरच्यांना समजावून सांगावं लागत नाही.

तेव्हा मला ते कौतुक वाटलं!

६ फेब्रुवारी, गुरुवार

काही विशेष नाही. संध्याकाळपर्यंत ठिपके पुसले.

९ फेब्रुवारी, रविवार

ठिपक्यांचं लिहायचं राहिलं. मोठ्या कॅमेऱ्याला एक दुखणं आहे. भिंग बदलायला उघडला की आत धूळ शिरते, आणि मग प्रत्येक फोटोत त्याच जागी तोच करडा ठिपका. भिंतीवर ठिपका, छतावर ठिपका, बाबांच्या हेल्मेटवर ठिपका. मी संगणकापुढे बसून ते एकेक पुसते. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी पुसते! साहेबांना फोटो चकाचक लागतात. त्यांच्या दर वाक्यात चकाचक येतं, म्हणून पाठीमागे त्यांचं नाव चकाचक साहेब.

आज बाबांबरोबर बाजारातून आले. आमच्या खोल्या कंपनीच्याच, तिसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर बाबा वाकले आणि चपलेचा पट्टा सारखा केला. ते नेहमी तिथेच वाकतात. मी लहान होते तेव्हापासून बघते आहे. आई तर म्हणते, यांच्या पायाला कुठलीच चप्पल बसत नाही.

आज मी खाली बघितलं. पट्टा जागेवर होता. चप्पल नवी आहे, मीच आणलेली.

ते श्वास घेतात. ते तिथे थांबून श्वास घेतात आणि आम्हाला कळू नये म्हणून वाकतात. आणि मी इतकी वर्षं पट्टा बघत होते!

११ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांनी आज कॅमेरा सफाईला पाठवला. दर तीन महिन्यांनी पाठवतात. "जपून, मॅडम. मऊ कापडात गुंडाळून न्या." त्याला ऑफिसात स्वतंत्र कपाट आहे, कपाटात ओल शोषणाऱ्या पुड्या, वर धुळीचं आच्छादन. त्याची बडदास्त एखाद्या जावयासारखी.

दुरुस्तीवाले म्हातारे आहेत. एका डोळ्याला भिंग लावून बसतात आणि दुसऱ्या डोळ्याने आपल्याशी बोलतात. त्यांनी रबरी फुग्याने आत हवा मारली. खाली पांढरा कागद धरला होता. त्यावर जे पडलं ते राखाडी होतं, कडेने सोनेरी. त्यांनी ते बोटाने चोळून बघितलं. म्हणाले, ही घरादारातली धूळ नाही, कुठे काढता फोटो? मी सांगितलं. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

"याला दर तीन महिन्यांनी माझ्याकडे आणता. तिथे बसणाऱ्यांना कुठे नेता?"

मी हसले. का हसले मी? बसमध्ये बसल्यावर कानशिलं तापली.

निघताना म्हणाले, हे धूड अशा ठिकाणी नेऊच नका. जो उघडता येत नाही, ज्याचं भिंग पुढे येत नाही, असा बंद छोटा घ्या. आणि खणातून एक काढून माझ्या हातावर ठेवला. साबणाच्या वडीएवढा! निळा, एक कोपरा घासलेला. पाण्यात पडला तरी चालतो. कुणी तरी दुरुस्तीला टाकला आणि न्यायला आलंच नाही. वापरून बघा म्हणाले, आवडला तर ठेवा.

मी विचारलं, मोठ्यासारखे फोटो येतील? त्यांनी सरळ सांगितलं, नाही येणार. मागची भिंत तशी मऊ धूसर होणार नाही, अंधारात हा कच्चा पडेल, लांबचं तर विसराच.

"पण खिशात असेल. कपाटातला कॅमेरा कपाटाचेच फोटो काढतो, पोरी."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कारखान्यात फोन नेता येत नाही, फाटकावर जमा करावा लागतो. कॅमेऱ्याची परवानगी फक्त मला. फाटकावरच्या रखवालदाराने निळा कॅमेरा उलटा-सुलटा केला, कानाशी नेऊन हलवला आणि वहीत लिहिलं: "खेळणं, एक." मी वाचलं. दुरुस्त केलं नाही.

साहेबांनाही दाखवला. लपवाछपवी मला जमत नाही. ते म्हणाले, हे काय, आंघोळीला निघालात? मग थोडे गंभीर झाले. घरात हत्ती असताना हे उंदराचं पिल्लू कशाला, पाहुण्यांनी बघितलं तर आपली काय पत राहील? मी म्हटलं, नुसते नळांचे जवळून फोटो, वाहून न्यायला सोपं. "खेळा, खेळा," म्हणाले.

दिवसभर तो एप्रनच्या खिशात होता. काय सांगू! कुणी ताठ झालं नाही. कुणी केस सारखे केले नाहीत. मोठा कॅमेरा निघाला की माणसं स्वतःला आवरून कुठे तरी आत ठेवून देतात आणि बाहेर उरतं ते हेल्मेट. आज मावशी चहा पिताना तोंड उघडून हसल्या तो फोटो मिळाला. मागचे दोन दात नाहीत त्यांचे, मला माहीतच नव्हतं. "फोटो काढतेस की दाढा मोजतेस?" पण पुन्हा हसल्या. मग हातांचे फोटो काढले. पॉलिशवाल्यांचे हात कोपरापर्यंत काळे आणि बोटांची टोकं चकचकीत, जणू स्वतःलाच पॉलिश केलंय.

फार दिवसांनी आज नोकरी आवडली. खांदा अजिबात दुखला नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कॅमेरा बिघडला बहुतेक. एवढ्यात!

चाकं जोरात चालू होती. साधा, कामाचा दिवस. बाबांचा फोटो घेतला. तिथे अंधारच असतो, त्यामुळे फ्लॅश पडला. संध्याकाळी ऑफिसात मोठा करून बघितला तर बाबा दिसेनात. सगळा फोटो पांढऱ्या गोळ्यांनी भरलेला. लहान, मोठे, एकावर एक. बाबांच्या कपाळावर, डोळ्यांपुढे, ओठांवर. पुढचा फोटो तसाच. त्यापुढचा तसाच.

म्हातारे म्हणाले होते आत धूळ शिरणारच नाही. मग हे काय?

१९ फेब्रुवारी, बुधवार

डोकं बधिर आहे. झालं तसं लिहिते.

दुरुस्तीवाल्यांनी फोटो बघितले. कॅमेरा उघडलासुद्धा नाही. म्हणाले, याला काही झालेलं नाही. मोठ्या कॅमेऱ्याचा फ्लॅश उंचावर असतो, बाजूला, वर छत्री. त्यामुळे भिंगासमोर तरंगणारं काही उजळत नाही. याचा दिवा भिंगाला चिकटून. समोरच्या बारीकशा कणावर उजेड पडतो आणि सरळ परत आत येतो. धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावले की रस्त्याऐवजी धुकंच दिसतं ना, तसं. छोट्या कॅमेऱ्यांचा हा दोष आहे म्हणतात, जाणकार लोक त्यासाठी त्यांना नावं ठेवतात.

मी पुन्हा विचारलं, म्हणजे दोष आहेच ना?

"आहे. पण कॅमेऱ्यात नाही, हवेत आहे."

मग त्यांनी स्वतःच्या दुकानाचा एक फोटो काढून दाखवला. दुकानात पसारा केवढा, तरी गोळे दोनच.

बाबांच्या फोटोतले मी मोजायला घेतले. दोनशेच्या पुढे गेल्यावर थांबले. ओठांपाशी तर एकमेकांत मिसळलेत, मोजताच येत नाहीत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नुसत्या एका फोटोवर विसंबून चालणार नाही. कॉलेजच्या बाई म्हणायच्या, एकदा दिसलं तर योगायोग, पुन्हा पुन्हा दिसलं तर निरीक्षण. म्हणून प्रयोग केला. एकच जागा, एकच उंची. सकाळी चाकं सुरू व्हायच्या आधी: तीन गोळे. सुरू झाल्यावर तासाभराने: असंख्य. दुपारी साहेबांनी फोटोसाठी हवा बसू दिली तेव्हा: अकरा.

म्हणजे आम्ही खोटं फक्त माणसांना घालत नाही. हवेलाही घालतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बाबांना दाखवला. आई बाहेर गेली होती.

त्यांनी कॅमेरा लांब धरला, मग जवळ धरला. "हे काय, बर्फ पडतंय?" मी सांगितलं. दुरुस्तीवाले काय म्हणाले, प्रयोगात काय दिसलं, सगळं. बाबा अंगठ्याने पडदा पुसायला लागले. दोन-तीनदा पुसला. गोळे तिथेच.

"पूस ते," म्हणाले.

मी म्हटलं, बाबा, पुसलं तर फोटोतून जाईल.

दाराच्या वर माझा पदवीचा फोटो आहे. भाड्याचा झगा, हातात गुंडाळी, मोठ्या स्टुडिओत मोठ्या कॅमेऱ्याने काढलेला, एकही डाग नाही. घरातली पहिली पदवी. बाबा त्याच्याकडे बघत म्हणाले, "तुला शिकवलं ते हे बघायला नाही. हे बघावं लागू नये म्हणून शिकवलं."

आणि चप्पल घालून खाली गेले. उतरताना वाकावं लागत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांनी बोलावलं. अल्बम सोमवारी, तीन तारखेला पाठवायचा. दोन प्रती, एक पाठवायला, एक कपाटात. मग खुर्चीत रेलून त्यांनी खरी बातमी दिली: हा अल्बम गेला की मला कायम करणार. आणि बाबा दोन वर्षांनी निवृत्त झाले तरी आमच्या खोल्या जाणार नाहीत, माझ्या नावावर चालू राहतील.

म्हटलं, साहेब, पॉलिश खात्यात धूळ फार आहे, एकेचाळीस मास्क घेता येणार नाहीत का? धीर करून म्हटलं. ते अजिबात रागावले नाहीत. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. मास्क घातला की कामगार दर तासाला तो काढून गप्पा मारतात, काम मागे पडतं. आणि तुमच्या वडिलांनाच विचारा की, तीस वर्षांत त्यांनी एकदा तरी तक्रार केली का?

रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं.

घरी सांगितलं. म्हणजे कायम होण्याचं सांगितलं. आईने लगेच खिडकीचं माप घेतलं. इतकी वर्षं म्हणायची, परक्याच्या घराला कशाला पडदे. आज टेप हातात धरून मला म्हणाली, निळे की पिवळे?

निळे म्हटलं.

दाराच्या मुठी बनवणाऱ्या कारखान्याच्या खोलीत राहते मी, आणि मला बाहेर पडायला दार सापडत नाही. (हे लिहिल्यावर जरा बरं वाटलं, मग लाज वाटली. वाक्यं बरी जमतात मला. तेवढंच जमतं!)

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर ठिपके पुसले. आज चुकून बाबांच्या कानाचा एक तुकडा पुसला गेला. परत आणला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

शेवटचा फोटो आज झाला. आणि मग पेटीत मास्क अकराच!

बाबांनी ओळीतून पुन्हा फेरी मारली. बाकांखाली बघितलं. माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीतसुद्धा बघितलं. मी वर मान केली तेव्हा मावशी नळ पुसत होत्या, खाली मान घालून, एक शब्द न बोलता. मावशी आणि गप्प? त्यांच्या एप्रनचा खिसा फुगलेला होता. मी बघितला. बाबांनीही बघितला.

साहेब आले. पेटीची नोंदवही मागवली. भर खात्यात म्हणाले, "मामा, वहीत नाव कुणाचं आहे? उद्या काही झालं तर मी वहीतलं नाव दाखवणार. मला दुसरं काही माहीत नाही."

बाबा म्हणाले, माझ्याच हातून हरवला, भरून देतो. तीस वर्षांत पहिल्यांदा.

सुटीनंतर मावशींनी मला फाटकाबाहेर गाठलं. खोकून खोकून बरगड्या दुखतात गं म्हणाल्या, मला वाटलं एक दिवस घालून बघावा. मास्क परत द्यायला हातात घेऊन उभ्या होत्या. मी म्हटलं ठेवा. त्या म्हणाल्या, ठेवून काय करू, कामावर घातला तर दिसेल, आणि घरात कुठे धूळ आहे? आम्ही दोघी हसायला लागलो. रस्त्यात उभं राहून, वेड्यासारख्या. मावशींना हसता हसता उबळ आली, ती थांबेचना.

वहीतलं नाव. दिवसभर तेच कानात वाजतंय. मी तोंड उघडलं की पहिला हात कुणावर पडणार हे मला आज साहेबांनीच सांगितलं. चाकावर बसणारेही बाबा, गुन्हेगारही बाबा. आणि शिक्षा? खोल्या, आईचे पडदे, सगळं त्याच किल्लीला बांधलेलं.

काय करू? इथे लिहून तरी काय उपयोग! इथे लिहिलं की मी त्यावर दहादा विचार करते, आणि दहाव्यांदा सगळं शहाणपणाचं वाटायला लागतं.

१ मार्च, शनिवार

पेटीची किल्ली आता माझ्याकडे आहे. मीच मागितली.

साहेबांना सांगितलं, बाबांना माळ्याचा जिना झेपत नाही, पेटी यापुढे मी सांभाळते, वहीत माझं नाव घाला. साहेब खूश. मामांचं वय झालंच आता, आणि घरातली गोष्ट घरातच राहिली म्हणाले. बाबांचं नाव लाल शाईने खोडलं, खाली माझं पूर्ण नाव, तारीख, सही.

बाबांनी किल्ली दिली तेव्हा हात पुढे केला आणि क्षणभर सोडलीच नाही. मला वाटलं, त्यांना अपमान वाटला. मग सोडली. "आत फार गुंतू नकोस," एवढंच म्हणाले.

मावशींनी मात्र सोडलं नाही. त्या दिवशी रस्त्यात माझ्याबरोबर हसल्या होत्या. आज सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बापाची गादी लेकीला! पदवीचा उपयोग झाला म्हणायचा." बाकीचे हसले. मीही हसायला हवं होतं. जमलं नाही.

आई म्हणते, बरं केलंस, त्यांच्या डोक्याचं ओझं कमी झालं.

२ मार्च, रविवार

सुटीचा दिवस असूनही ऑफिसात गेले. अल्बम चिकटवायचे होते. रखवालदार म्हणाला, एवढी निष्ठा बरी नव्हे.

३ मार्च, सोमवार

साहेबांनी अल्बम उभ्या उभ्या चाळला. चकाचक, म्हणाले. मी सही केली. अकरा वाजता कुरिअरवाला खोकं घेऊन गेला. चिकटपट्टी माझ्याकडून तीनदा वाकडी लागली, शेवटी त्यानेच ती कापून दिली.

जेवले नाही. आईला वाटतंय पित्त.

४ मार्च, मंगळवार

पडदे आले. निळे. एक आखूड झालाय.

६ मार्च, गुरुवार

अल्बम पोचल्याची सही आली.

साहेबांनी बघितला तो ऑफिसच्या कपाटात आहे. खोक्यातून गेला तो दुसरा, निळ्या कॅमेऱ्याचा, रविवारी चिकटवलेला. बावीस फोटो. डाव्या पानावर बसलेली हवा, उजव्या पानावर चाकं चालू असतानाची. एकही गोळा पुसलेला नाही. उघडी पेटी आहे, काळे हात आहेत, पाठी आहेत. चेहरा एकच आहे: माझा. बाबांच्या चाकापुढे उभं राहून, कॅमेरा बाकावर ठेवून काढला. पहिल्या पानावर तीन ओळी: माणसं एकेचाळीस, मास्क बारा, ते फक्त फोटोपुरते. पेटी आणि फोटो, दोन्हींची जबाबदारी माझी. खाली सही.

किल्ली त्यासाठीच मागून घेतली होती. विकत घेणारे विचारायला येतील तेव्हा वहीत बाबांचं नाव खोडलेलं असेल.